आधी स्पेक, मग कोड: एपीआयच्या कामात या चुका टाळा

२०२४ च्या खरिपात आम्ही एका शेतकरी उत्पादक कंपनीसाठी सोयाबीन खरेदीची प्रणाली उभी करत होतो. गावोगावच्या संकलन केंद्रांवर मोबाइल ॲप, लातूरला आमचा बॅकएंड (सर्व्हरवरची बाजू) आणि हिशोबाचं सॉफ्टवेअर छत्रपती संभाजीनगरच्या दुसऱ्या टीमकडे. कोडची एक ओळ लिहायच्या आधी तिन्ही टीमनी बसून एपीआयची, म्हणजे या सॉफ्टवेअरनी एकमेकांशी कसं बोलायचं याची, स्पेक (लेखी तपशील) ओपनएपीआय या ठरलेल्या नमुन्यात लिहिली होती. तिच्यावर मॉक सर्व्हर, म्हणजे स्पेकवरून नमुन्याची उत्तरं देणारा नकली सर्व्हर, चालत होता, टेस्ट पास होत होत्या.

चाचणीच्या पहिल्याच दिवशी १८ क्विंटल ४० किलोच्या मापाची पट्टी निघाली ९० लाख १ हजार २८० रुपयांची. ॲप वजन किलोत पाठवत होतं आणि बॅकएंड त्याला क्विंटल समजून ४,८९२ रुपयांच्या हमीभावाने गुणत होता. खरी रक्कम होती ९०,०१२ रुपये ८० पैसे. स्पेकमध्ये लिहिलं होतं, ‘वजन: नंबर’. दोन्ही टीमनी स्पेक तंतोतंत पाळली होती.

स्पेक हा टीमांमधला ठराव असतो. ठरावात जे लिहिलेलं नाही, ते प्रत्येक जण आपापल्या सवयीने धरून चालतो. पुढच्या सगळ्या चुका याच एका गोष्टीतून निघतात, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

टाइप लिहिला, अर्थ लिहिला नाही

‘नंबर’, ‘स्ट्रिंग’, ‘तारीख’ एवढ्यावर काम भागत नाही. एकक फील्डच्या नावातच घाला: ‘वजन_किलो’, ‘रक्कम_पैसे’. पैसे पूर्णांकात, म्हणजे पैशांत ठेवा. दशांश अपूर्णांकात ठेवलेल्या रकमांची बेरीज हिशोबाच्या टीमला कधी ना कधी एका पैशाने चुकलेली दिसते, आणि तो पैसा शोधण्यात दिवस जातो.

तारखेचंही तसंच. सौद्याची तारीख ही फक्त तारीख आहे, तिला वेळ जोडू नका. आपली मध्यरात्र म्हणजे यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आदल्या दिवशीचे १८:३०. सौद्याची तारीख वेळेसकट मध्यरात्र धरून साठवली आणि कुणी ती यूटीसीत वाचली, की सोमवारचा सौदा रविवारी दिसतो. मापाची नोंद नेमकी कधी झाली हे हवं असेल, तर तिथे तारीख-वेळ घ्या आणि +०५:३० सकट घ्या.

सगळ्यात मोठा फरक मात्र उदाहरणांनी पडला. आधी आमच्या स्पेकमध्ये ‘टेस्ट’, ‘एबीसी’, ‘१२३’ अशी उदाहरणं होती. नंतर आम्ही केंद्रावरची खरी काटापट्टी समोर ठेवून उदाहरण भरलं, फक्त शेतकऱ्याचं नाव आणि खाते क्रमांक बदलले. ते छापून केंद्रावरच्या माणसाला दाखवलं. त्याने दोन मिनिटांत विचारलं, ‘बारदान्याचं वजन कुठं धरलंय यात?’ तीन टीमच्या रिव्ह्यूत तो प्रश्न कुणालाच सुचला नव्हता. तेव्हापासून प्रत्यक्ष काट्यावर बसणाऱ्या माणसाने उदाहरण वाचल्याशिवाय आम्ही स्पेक पक्की करत नाही.

बदलणारी गोष्ट स्पेकमध्ये कोरून ठेवली

मराठवाड्यात जिल्हे आठ. ते सरळ इनममध्ये, म्हणजे चालतील त्या किमतींच्या बंद यादीत, लिहून टाकायचा मोह होतो. पण २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं आणि उस्मानाबादचं धाराशिव. ज्यांनी नावांचा इनम केला होता, त्यांच्या दृष्टीने हा एपीआयमधला बदल ठरतो: सर्व्हरने नवं नाव पाठवलं की जुन्या ॲपमधला, स्पेकवरून आपोआप जनरेट केलेला क्लायंट कोड ‘ही किंमत मला माहीत नाही’ म्हणून पडतो. प्रतिसादातल्या इनममध्ये नवी किंमत टाकणं हा निरुपद्रवी बदल वाटतो, तो तसा नाही. जिल्हा, तालुका, गाव यांच्यासाठी केंद्र सरकारच्या लोकल गव्हर्न्मेंट डिरेक्टरीतले कोड वापरा आणि नावं वेगळ्या एंडपॉइंटवरून (एपीआयच्या पत्त्यावरून) द्या.

ओलाव्यातही हेच. हमीभावाच्या खरेदीत सोयाबीनला १२ टक्के ओलाव्याची मर्यादा होती, म्हणून आम्ही फील्डला कमाल किंमत १२ लावली. त्याच हंगामात मर्यादा शिथिल होऊन १५ टक्के झाली. सवलत शेतकऱ्याला मिळाली, पण आमचं ॲप १३ टक्क्यांचा माल पाठवूच देईना, कारण नियम स्पेकमधून फोनवर पोचलेला होता. नवी आवृत्ती प्रत्येक फोनवर जाईपर्यंत केंद्रांनी नोंदी वहीत ठेवल्या.

याच्या उलट बाजूला आयएफएससी कोड आहे. तो ११ अक्षरांचा असतो, पहिली चार अक्षरं बँकेची आणि पाचवं कायम शून्य. हा नियम पॅटर्न म्हणून स्पेकमध्ये असायलाच हवा. शून्याच्या जागी इंग्रजी ‘ओ’ टाइप होणं ही रोजची चूक आहे आणि ती फोनवरच पकडली गेली पाहिजे. माझी कसोटी अशी: जो नियम परिपत्रकाने बदलू शकतो तो सर्व्हरच्या सेटिंगमध्ये, आणि जो रचनेचाच भाग आहे तो स्पेकमध्ये.

मॉकवर चालतं, खऱ्या सर्व्हरवर पडतं

ही तक्रार आली की मी याच क्रमाने तपासतो.

आधी ‘रिक्वायर्ड’ची यादी. जेसन स्कीमात (स्पेकमधली माहितीची रचना ज्यात लिहितात त्यात) फील्ड नुसतं लिहिल्याने सक्तीचं होत नाही, ते यादीत वेगळं नोंदवावं लागतं. यादी विसरली तर पूर्ण रिकामा ऑब्जेक्टसुद्धा वैध ठरतो. शिवाय अनोळखी फील्डना मुळातच परवानगी असते. म्हणजे नावात एक अक्षर चुकलं, तरी व्हॅलिडेटर काही बोलत नाही.

मग नल, म्हणजे मुद्दाम रिकामी ठेवलेली किंमत. ओपनएपीआय ३.० मध्ये ‘नलेबल’ असं लिहितात. २०२१ साली आलेल्या ३.१ मध्ये तो शब्दच काढून टाकला आणि टाइपच्या यादीत नल लिहायची पद्धत आली. फाइलच्या माथ्यावर ३.१ आणि आत ‘नलेबल’ असेल, तर एक टूल ते मानतं, दुसरं दुर्लक्ष करतं. सगळ्या टीमची टूल्स कोणती आवृत्ती पेलतात ते पाहून एकच आवृत्ती ठरवा.

मग यॅमलमधले (स्पेकची फाइल ज्या स्वरूपात लिहितात त्यातले) अवतरणाविना लिहिलेले आकडे आणि शब्द. शून्याने सुरू होणारा कोड काही पार्सर अष्टमान पद्धतीत वाचतात, आणि जुन्या यॅमलमध्ये नुसतं ‘नो’ लिहिलं की त्याचं ‘फॉल्स’ होतं. कोड, पिनकोड, मोबाइल क्रमांक कायम स्ट्रिंग आणि कायम अवतरणात.

गट क्रमांकही स्ट्रिंगच. आपल्याकडे सातबारावर ‘४५/२/अ’ असा गट असतो. तो पाथमध्ये, म्हणजे यूआरएलच्या पत्त्यातच, घातला की तिरप्या रेघेवर यूआरएल तुटतो. ओपनएपीआय पाथ पॅरामीटरमध्ये मोकळी तिरपी रेघ चालवून घेत नाही. एन्कोड करूनही मधला एखादा प्रॉक्सी (विनंती पुढे पाठवणारा सर्व्हर) ती परत उलगडतो. गट क्रमांक क्वेरीत किंवा बॉडीत पाठवा.

देवनागरीचा विचार शेवटी केला

हा भाग इंग्रजी मार्गदर्शिकांत सहसा सापडत नाही, आणि आपल्याला तर रोज लागतो. फोनचा कीबोर्ड मराठी असला की लोक ‘९८’ असे देवनागरी अंक टाइप करतात. स्पेकमधल्या पॅटर्नमध्ये ‘बॅकस्लॅश डी’ (कोणताही एक अंक) असेल, तर जावास्क्रिप्टमध्ये तो फक्त इंग्रजी ० ते ९ पकडतो, पण पायथन ३ मध्ये देवनागरी अंकही चालवून घेतो. एकच पॅटर्न, दोन निकाल. आमचा मॉक जावास्क्रिप्टचा होता आणि सर्व्हर पायथनचा. दोन दिवस आम्ही नेटवर्कला दोष देत होतो. अंकांचा पॅटर्न चौकटी कंसात ० ते ९ असा स्पष्ट लिहा आणि देवनागरी अंक ॲपमध्येच बदलून घ्या.

लांबीचंही पाहा. जेसन स्कीमाची कमाल लांबी युनिकोडच्या अक्षरचिन्हांत मोजली जाते. ‘छत्रपती संभाजीनगर’ ही काना, वेलांटी, अनुस्वार धरून मधल्या जागेसकट १७ चिन्हं होतात, आणि यूटीएफ-८ मध्ये ४९ बाइट. डेटाबेसचा कॉलम बाइटमध्ये मोजत असेल, तर स्पेकच्या ४० चिन्हांच्या मर्यादेत आरामात बसणारं नाव साठवताना पडतं.

फक्त २०० लिहिला

बहुतेक स्पेकमध्ये यशाचा प्रतिसाद (कोड २००) सविस्तर असतो आणि चुकीच्या वेळी काय येईल याची एकच ओळ. मग प्रत्येक एंडपॉइंट आपल्या मर्जीने चूक सांगतो आणि ॲपवाला सरसकट ‘काहीतरी चुकलं’ असं दाखवतो. यासाठी तयार साचा आहे: इंटरनेटच्या मानकांतला आरएफसी ९४५७, जुलै २०२३ चा, ज्याने आधीच्या ७८०७ ची जागा घेतली. तो घ्या आणि त्यात शेतकऱ्याला कळेल असा मराठी मजकूर द्या.

आणि रेंज गेल्यावर काय? केंद्रावरून नोंद पाठवली, सर्व्हरवर ती जमा झाली, पण उत्तर परत येईपर्यंत रेंज गेली. केंद्रचालक पुन्हा बटण दाबतो आणि एकाच मापाच्या दोन पट्ट्या होतात. प्रत्येक नोंदीसोबत ॲपने बनवलेली एक न बदलणारी किल्ली हेडरमध्ये पाठवावी, तीच किल्ली पुन्हा आली तर सर्व्हरने पहिलंच उत्तर द्यावं, हे स्पेकमध्येच लिहा. कोडमध्ये नंतर घालू म्हटलं की ते हंगाम संपेपर्यंत होत नाही.

बांध कोरला जातो

शेजाऱ्याने दर नांगरटीला नांगराचं एक तास बांध कोरावा आणि दहा वर्षांनी मोजणी आणल्यावर कळावं, तशी स्पेक आणि कोडमध्ये तफावत पडते. एखादं फील्ड घाईत सर्व्हरवर वाढतं, ‘स्पेक नंतर बदलू’ असं ठरतं. महिनाभरात स्पेकवर कुणाचा विश्वास राहत नाही, आणि मग जो तो सर्व्हरचं उत्तर पाहून कोड लिहू लागतो.

शिस्तीच्या आवाहनाने हे थांबत नाही, हे मी करून पाहिलं आहे. पाइपलाइनने, म्हणजे कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या तपासण्यांनी, थांबवावं लागतं. स्पेक कोडच्याच रेपॉझिटरीत ठेवा. प्रत्येक पुल रिक्वेस्टवर (कोड सामील करायच्या मागणीवर) स्पेक्ट्रल या टूलने नियम तपासा, ओएएसडिफने आधीच्या आवृत्तीशी ताडून तोडणारा बदल असेल तर मर्ज अडवा, आणि स्कीमाथेसिसने स्पेकवरून तयार झालेल्या विनंत्या खऱ्या सर्व्हरवर सोडा. तिन्ही एकदम जमत नसतील, तर ओएएसडिफपासून सुरुवात करा. सगळ्यात कमी कष्टांत सगळ्यात महाग चूक तो पकडतो. तफावत आधीच पडली असेल, तर प्रिझम प्रॉक्सी म्हणून टेस्ट सर्व्हरच्या पुढे बसवा. येणारी-जाणारी प्रत्येक गोष्ट तो स्पेकशी ताडतो. आम्ही तो आठवडाभर चालू ठेवला, निघालेल्या तफावतींची यादी केली आणि एकेक घेऊन ठरवलं, इथे स्पेक बदलायची की कोड. यादीतलं पहिलंच नाव होतं बारदान्याच्या वजनाचं. ते सर्व्हरवर आलं होतं, स्पेकमध्ये नव्हतं.