गरगर फिरणारं हेलिकॉप्टर

जमिनीवरून उचललं की माझं रिमोटचं खेळण्यातलं हेलिकॉप्टर जागच्या जागी गरगरायचं. रिमोटवरचं ट्रिम (असं वळणं सावरायचं बटण) पार टोकाला नेलं तरी थांबेना. मी उगाचच जायरोला, म्हणजे गरगरणं ओळखून आवरणाऱ्या सेन्सरला, शिव्या घातल्या! एकावर एक असे दोन पंखे उलटसुलट फिरून एकमेकांचा पीळ मारतात. प्रत्येक पंख्याला वेगळी मोटर; त्यातली एक दमली की तोल गेलाच. एक मोटर चटका बसेल इतकी तापत होती. असल्या इवल्या मोटरींतले ब्रश (आतल्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे घासते तुकडे) झिजले की बदलता येत नाहीत, म्हणून जुनी-नवी जुळणार नाही या विचाराने दोन्ही नव्या बसवल्या. व्यास, शाफ्टची जाडी आणि पिनियनचे (शाफ्टवरच्या छोट्या दातेरी चाकाचे) दात आधी मोजले. पिनियन आणि मोठ्या चाकाच्या दातांमध्ये कागदाची पट्टी घालून मोटर घट्ट केली, मग पट्टी ओढून काढली. तेवढी फट पुरते. डाग देताना एकीच्या वायरी उलट लागल्या, पंखा उलटा फिरला. अदलाबदल केली. आता स्थिर तरंगतं.