कोकणात लेदर सोफा घेताय? आधी गादीची चेन उघडा

दुकानात चकचकीत दिसणारा सोफा आमच्याकडच्या दमट हवेत दोन-तीन पावसाळ्यांत पापडासारखा सोलायला लागतो. बहुतेक वेळा ते अस्सल चामडं नसतंच. वर प्लास्टिकचा थर असतो आणि दमटपणाने तोच सुटतो.

१. बसायच्या गादीची मागची चेन उघडा आणि कव्हरची उलटी बाजू बघा. तंतूंची, मखमलीसारखी लव हाताला लागली तर बहुधा चामडं. विणलेलं कापड दिसलं तर रेक्झिन, मग विक्रेता काहीही म्हणो. पाठ आणि हात वेगळे तपासा. पुष्कळदा बसायची जागा तेवढी चामड्याची आणि बाकी सगळं रेक्झिन असतं, बिलावर मात्र नुसतं 'लेदर'.

२. नमुन्याचा तुकडा मागून घ्या, त्यावर पाण्याचा थेंब टाका. थेंब लगेच जिरून डाग गडद झाला तर ते चामडं मुलांच्या घरात नको. आंब्याचा रस, कोकम सरबत, माशाच्या कालवणाचे हात, सगळं आत मुरतं. उलटी बाजू बघून चामड्याची खात्री झाली असेल आणि थेंब वरच राहिला तर निर्धास्त घ्या, ओल्या फडक्याने पुसता येतं.

३. पाय किमान चार इंच उंच हवेत. घरी भिंतीपासून वीतभर पुढे ठेवा, नाहीतर श्रावणात मागच्या बाजूला पांढरी बुरशी धरलीच म्हणून समजा.

चमक यावी म्हणून खोबरेल तेल मात्र चोळू नका. डाग पडतात, वर धूळ चिकटते ती वेगळीच.