आतून मोडल्यावर देवाकडे परत कसं यायचं

जय ख्रिस्त मंडळी. उपासनेला जाताय, गाणी म्हणताय पण आतून सगळं मोडलंय आणि कुणाला कळू द्यायचं नाहीये, अशांसाठी हे लिहितोय, कारण मी तसा पाच महिने पुण्यात फिरलोय.

आमच्या तरुण संघाचा खजिनदार मी होतो. केडगावच्या मुक्ती मिशनला सहल ठरली, पैसे माझ्याकडे जमा झाले आणि त्यातले 18,000 मी गाडीच्या थकलेल्या हप्त्यांना लावले, पुढच्या पगारात भरू म्हणून. भरले नाहीत. बसवाल्याला ॲडव्हान्स द्यायची वेळ आली तेव्हा मी खोटं बोललो, सहल पुढं ढकलली आणि दर रविवारी पहिल्या बाकावर बसून प्रार्थना पण चालवली.

तर पहिली गोष्ट, देवाला गोलगोल सांगू नका. "प्रभू, माझं काही चुकलं असेल तर क्षमा कर" ही प्रार्थना मी शंभर वेळा केली आणि एकदाही हलकं वाटलं नाही, कारण "असेल तर" म्हणजे अजून लपवणंच आहे ना. बायबलमधलं स्तोत्र 51 काढा आणि मोठ्यानं वाचा. नाथान संदेष्ट्यानं दावीद राजाला त्याच्या पापाबद्दल "तो मनुष्य तूच" म्हटल्यावरचं ते स्तोत्र आहे, त्यात एकही सबब नाही, आणि दावीद तारणाचा आनंद "परत दे" म्हणतो, म्हणजे तो आधी होता आणि गेला हे त्याला कबूल आहे. वाचून झालं की तुमची गोष्ट नाव घेऊन, आकडा घेऊन सांगा. मी "सहलीचे अठरा हजार घेतले" असं पहिल्यांदा तोंडानं म्हटलं ते रात्री गच्चीवर, पाण्याच्या टाकीमागे, आणि रडू तिथं आलं.

दुसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. एका माणसाला सांगा, पण माणूस नीट निवडा. येशूला तीस रुपयांसाठी धरून देणाऱ्या यहूदाला पण पस्तावा झाला होता, हे आपण विसरतो. त्यानं ते रुपये परत नेले, मी पाप केलं असं तोंडानं म्हणाला सुद्धा, पण कुणाकडे गेला तर मुख्य याजकांकडे, आणि ते म्हणाले त्याचं आम्हाला काय. मग तो एकटा गेला आणि त्यानं गळफास घेतला. पेत्र या शिष्यानं येशूला ओळखतच नाही म्हणत तीनदा नाकारलं, तो पण बाहेर जाऊन रडला, पण नंतर तो बाकीच्या शिष्यांबरोबरच राहिला, म्हणून पुन्हा उठलेला येशू किनाऱ्यावर आला तेव्हा पेत्र तिथं होता. नाकारलं तेव्हा पेत्र कोळशाच्या विस्तवापाशी उभा होता आणि किनाऱ्यावर येशूनं पण कोळशाचाच विस्तव केला होता, योहान 18 आणि 21 शेजारी ठेवून वाचा. तीन वेळा नाकारलं होतं, येशूनं तीन वेळा विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का. जखम होती तिथंच हात लावला.

मी आमच्या पाळकसाहेबांकडे गेलो. ते काहीच बोलले नाहीत, आतून वही आणली आणि म्हणाले, आकडा तुझ्या हातानं लिही. 18 लिहून पुढची तीन शून्यं काढताना हात कापत होता. मग खाली लिहिलं, महिना 1,500. बायबलमधल्या जक्कय जकातदारानं लुबाडलेलं चौपट परत करीन म्हटलं होतं, माझी तेवढी ऐपत नव्हती, पण परत देणं टाळून नवं होता येत नाही.

आणि घाई करू नका. मुक्ती मिशन उभारणाऱ्या पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळाच्या काळात गेले, 1880 ला भाऊ, 1882 ला नवरा. 1883 ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला, तरी ख्रिस्त स्वतः सापडायला पुढं आठेक वर्षं लागली असं त्यांनीच लिहिलंय. 1905 ला मुक्तीत जे संजीवन, म्हणजे आत्मिक जागृती, आलं त्यात मुली आपली पापं रडत रडत कबूल करत होत्या, आधी कित्येक महिने प्रार्थना चालू होती. आपल्याला मात्र एका कन्व्हेन्शनमध्ये सगळं हवं असतं.

एक सांगतोच, घरात मार खात राहणं म्हणजे स्तोत्र 51 मधलं भग्न हृदय नव्हे, तिथून आधी बाहेर पडा. आणि झोप उडाली, जगणं नको वाटायला लागलं तर प्रार्थना चालू ठेवून डॉक्टरकडे जाच, 14416 वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाईनला, फोन करा, लगेच.

शेवटचं, स्टेजवर परत जायची गडबड नको. मी वर्षभर फक्त उपासना संपल्यावर खुर्च्या उचलल्या. बाराव्या महिन्यात एक पोरगा खुर्ची घडी करता करता म्हणाला, दादा, पाच मिनिटं आहेत का. तुमच्याकडे असा कुणी आला तर वचन सांगायला धावू नका, बसा, आणि त्याचं पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.