एसएसएच होत नाही? आधी कुठे अडलंय ते बघा

सर्व्हरवर एसएसएच (दूरच्या मशीनवर सुरक्षितपणे लॉगिन करायची पद्धत) झालं नाही की पुष्कळ जण थेट एसएसएचडी, म्हणजे सर्व्हरवरची एसएसएच सर्व्हिस, रीस्टार्ट करायला धावतात. त्याआधी पडद्यावरची एररची ओळ वाचा. ‘कुड नॉट रिझॉल्व्ह होस्टनेम’ आलं, तर तुमचं मशीन सर्व्हरपर्यंत पोचलेलंच नाही. नावाचा आयपीच (मशीनचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता) मिळाला नाही. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे आयपी मिळाला, पण पलीकडून उत्तर नाही: फायरवॉल, चुकीचा आयपी किंवा बंद मशीन. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ त्यातल्या त्यात बरं. बहुतेक वेळा मशीन चालू असतं, फक्त २२ नंबरच्या पोर्टवर (एसएसएचच्या नेहमीच्या दारावर) कोणी ऐकत नसतं. आणि ‘परमिशन डिनाइड’ आलं, तर नेटवर्कच्या मागे लागू नका, भानगड युजर, पासवर्ड किंवा कीची (पासवर्डऐवजी ओळख पटवणाऱ्या फाइलची) आहे.

नावाचा संशय असेल तर नावाऐवजी आयपी देऊन एसएसएच करा. झालं, तर दोष नावाचाच. मग ‘गेटएन्ट होस्ट्स’ आणि पुढे सर्व्हरचं नाव, अशी कमांड चालवा. तुमचं मशीन त्या नावाचा कोणता आयपी धरतं ते कळेल. इथे ‘डिग’ ही कमांड वापरणारे हमखास फसतात. डिग थेट डीएनएस सर्व्हरला (नावावरून आयपी सांगणाऱ्या सर्व्हरला) विचारतं, तुमच्याच मशीनवरच्या नावं-आयपींच्या ‘/इटीसी/होस्ट्स’ फाइलकडे ढुंकूनही बघत नाही. एसएसएच मात्र ‘/इटीसी/एनएसस्विच.कॉन्फ’मधल्या ‘होस्ट्स’ ओळीप्रमाणे चालतं, आणि गेटएन्टही तसंच. त्या ओळीत ‘फाइल्स डीएनएस’ असेल, तर आधी होस्ट्स फाइल, मग डीएनएस. म्हणून डिग नवा आयपी दाखवतंय आणि गेटएन्ट जुना, असं दिसलं तर कोणीतरी कधीकाळी होस्ट्स फाइलमध्ये ‘तात्पुरती’ टाकलेली ओळ शोधा. ती सापडतेच.

दोन्हीकडे आयपी बरोबर असूनही एसएसएच भलतीकडेच जात असेल, तर तुमच्याच होम डिरेक्टरीतली ‘.एसएसएच/कॉन्फिग’ फाइल उघडा. तिथे त्या नावाला वेगळा आयपी दिलेला असू शकतो.

गेटएन्टने काहीच दाखवलं नाही, तर ‘/इटीसी/रिझॉल्व्ह.कॉन्फ’ पाहा. लिनक्सवर सहसा त्यातले पहिले ३ नेमसर्व्हरच (म्हणजे डीएनएस सर्व्हर) विचारात घेतले जातात. पहिला बंद पडलेला असेल, तर ५ सेकंद वाट पाहून मगच दुसऱ्याला विचारलं जातं. सगळं चालतं, पण रखडत. उबुंटूवर या फाइलमध्ये १२७.०.०.५३ (मशीनचा स्वतःचाच पत्ता) दिसलं तर ती हाताने बदलू नका, बदल टिकणार नाही. ‘रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस’ने खरे नेमसर्व्हर कळतात.

लॉगिन होतं पण पासवर्ड विचारायलाच उशीर लागतो, ही वेगळी तक्रार. इथे बऱ्याचदा सर्व्हर उलट तुमच्या आयपीवरून तुमचं नाव शोधत बसलेला असतो. सर्व्हरवर रूट (सर्वाधिकारी युजर) म्हणून ‘एसएसएचडी -टी’ (टी कॅपिटल) चालवून ‘यूजडीएनएस’ची, म्हणजे हा उलटा शोध ठरवणाऱ्या सेटिंगची, किंमत पाहा. ओपनएसएसएच ६.८ पासून ती मुळात ‘नो’ असते, जुन्या सर्व्हरवर ‘येस’. ती ‘नो’ असूनही उशीर होत असेल, तर आपल्या बाजूने ‘एसएसएच -व्ही’ (व्ही छोटा) आणि पुढे सर्व्हरचं नाव, असं चालवा आणि ओळी कुठे थबकतात ते बघा. ‘जीएसएसएपीआय’पाशी (ओळख पटवायची आणखी एक पद्धत) थबकत असतील, तर तो पर्याय बंद करून पुन्हा करा.

की नाकारली जात असेल तर परवानग्या तपासा: सर्व्हरवरच्या ‘.एसएसएच’ डिरेक्टरीला ७००, मान्य कींची यादी असलेल्या ‘ऑथराइज्ड_कीज’ फाइलला ६००, म्हणजे दोन्ही फक्त मालकालाच खुल्या. होम डिरेक्टरी विसरली जाते. तिच्यात ग्रुपला किंवा इतरांना लिहिता येत असेल, तरी सर्व्हर की मानत नाही, आणि का ते तुम्हाला सांगतही नाही. कारण सर्व्हरच्या लॉगमध्ये मिळेल: डेबियन, उबुंटूवर सहसा ‘/व्हार/लॉग/ऑथ.लॉग’, रेड हॅटवर ‘/व्हार/लॉग/सिक्युअर’.

होस्ट की (सर्व्हरची स्वतःची ओळख) बदलल्याची इशारावजा एरर आली, तर जुनी नोंद लगेच उडवू नका. सर्व्हर खरंच नव्याने बसवलाय का ते अ‍ॅडमिनला विचारा, फिंगरप्रिंट (त्या कीची छोटी खूण) जुळवा, मग ‘एसएसएच-कीजेन -आर’ (आर कॅपिटल) आणि पुढे सर्व्हरचं नाव.

एसएसएचडीचं कॉन्फिग बदलावंच लागलं, तर चालू असलेलं सेशन बंद करू नका. ‘एसएसएचडी -टी’, यावेळी छोटा टी, चालवून फाइलमध्ये चूक नाही ना ते पाहा, सर्व्हिस रीलोड करा आणि दुसऱ्या खिडकीतून लॉगिन करून बघा. ते झालं की मगच पहिली खिडकी बंद.