जमिनीखालचे ध्वनी संगीतात कसे आणावेत
मातीतले आवाज हवेतल्या साध्या मायक्रोफोनला सहसा पकडता येत नाहीत; त्यासाठी पिझो चकती (कंपनांचे विद्युत संकेतात रूपांतर करणारी छोटी चकती) धातूच्या लांब सळईला घट्ट चिकटवून ती सळई ओलसर, भुसभुशीत मातीत हळूच रोवावी आणि आसपासची पावले पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावी, कारण गांडुळांची व किड्यांची सूक्ष्म करकर तेव्हाच वेगळी ऐकू येते. भूकंपलहरींची कंपने बहुतांशी २० हर्ट्झच्या खाली, म्हणजे मानवी श्रवणमर्यादेबाहेर असतात. मात्र भूकंपमापकाची नोंद १०० पट वेगाने वाजवल्यास ०.५ हर्ट्झचे कंपन ५० हर्ट्झचा गंभीर खर्ज बनते. गुहेच्या आभासासाठी दीर्घ रिव्हर्ब, म्हणजे आवाज घुमत राहिल्याचा परिणाम, मोजकाच द्यावा. मूळ ध्वनीतील खरखर मला फार मोलाची वाटते, म्हणून ती गाळणारे फिल्टर अगदी शेवटी, जपून वापरावेत.