म्हशीला अँटिबायोटिक देण्याआधी टेप लावा

भिवंडी-मुरबाडकडच्या तबेल्यांत म्हशीला दगडी (कासेची सूज) झाली की डॉक्टर बऱ्याचदा अँटिबायोटिकची इंजेक्शनं सुरू करतात. डोस वजनावर ठरतो आणि नजरेचा अंदाज हमखास चुकतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजा, खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजा, दोन्ही इंचांत. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६० म्हणजे साधारण किलो. घेर ७५, लांबी ६० असेल तर ५११ किलो. हा आकडा डॉक्टरांना सांगा. कास मऊ पडली म्हणून उरलेली इंजेक्शनं सोडू नका, रोग उलटतो. दूध मात्र चारही सडांचं बाजूला काढा, कुणाच्या तरी लेकराच्या पेल्यात जातं ते. दूध किती दिवस वापरायचं नाही, ही औषधाच्या बाटलीवरची मुदत शेवटच्या इंजेक्शनपासून मोजायची.