काळ्या मातीवर खो-खोचं मैदान: दूरच्या शाळांसाठी

नागपूर जिल्ह्यात काटोल-नरखेडपासून उमरेड-भिवापूरपर्यंत कितीतरी शाळांसमोर काळी माती आहे. पावसाळ्यात ती पायाला गोळे होऊन चिकटते, उन्हाळ्यात तिला पाऊल अडकेल एवढ्या भेगा पडतात. समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून खेळसाहित्यासाठी प्राथमिक शाळेला 5,000 आणि उच्च प्राथमिकला 10,000 रुपयांपर्यंत मिळतात. पण जमीन धड नसेल, तर आणलेलं साहित्य कपाटातच राहतं. म्हणून आधी जमीन करा. खो-खोला साहित्य म्हणून दोन खांब पुरतात, आणि पोरं अनवाणीही खेळतात.

काम डिसेंबर-जानेवारीत काढा. मे महिन्यात उघड्या भेगांवर मुरूम टाकला, तर पहिल्या पावसात खालची माती फुगते आणि वरचा थर उचलला जातो. मैदान 27 × 16 मीटरचं, पण पळणाऱ्याला थांबायला जागा हवी म्हणून 31 × 20 मीटर जागा तयार करा. वरची 15 सेंमी काळी माती काढून बांधावर टाका. मुरूम दाबून 10 सेंमी बसायला हवा. त्यासाठी सुटा मुरूम 27 ते 28 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट) लागतो. ट्रॉलीत किती ब्रास मावतो ते ठरवतानाच विचारा, नाहीतर हिशेब तिथेच चुकतो. तहसीलची गौण खनिजाची परवानगी आधी घ्या आणि मुरमाचा ठराव ग्रामसभेत करून ठेवा.

मुरूम एकदम ओतू नका, दोन थरांत पसरा. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून रोलर फिरवा. ओलावा बरोबर आहे का, ते मुठीत कळतं: मूठ दाबली की लाडू वळावा, पण तळहाताला चिखल लागू नये. जास्त ओला असेल तर रोलरला मुरूम चिकटून थर उपटतो, कोरडा असेल तर दबतच नाही. मैदानाचा मधला भाग दोन्ही लांब बाजूंपेक्षा 10 सेंमी उंच ठेवा. पाण्याची नळी लावून उंची मोजा. बाजूने एक फूट खोल चर खणा. शेवटी चाळलेल्या बारीक मुरमाचा दोन सेंमी थर द्या. वाळूचा जाड थर देऊ नका, वळताना पाय सरकतो.

खांब लाकडाचे, जमिनीवर 120 ते 125 सेंमी, व्यास 9 ते 10 सेंमी, कुठेही कड किंवा खिळा नको. दोन खांबांत 24 मीटर अंतर. दोन फूट खोल खड्ड्यात, भोवती काळी माती न भरता दगड-मुरूम ठोकून भरा. काळी माती फुगली की खांब कलतो.

आखणीत चूक होते ती काटकोनात. कोपऱ्यावर सुतळीने 3, 4 आणि 5 मीटरचा त्रिकोण धरा. मग 27 × 16 च्या मैदानाचे दोन्ही कर्ण मोजा, प्रत्येकी 31.38 मीटर यायला हवेत. मधली पाटी, म्हणजे दोन खांबांमधला पट्टा, 30 सेंमी रुंद. तिच्यावर 30 सेंमीचे आठ चौरस, सरावासाठी चौरसांमध्ये आणि खांबापर्यंत 2.40 मीटर मोकळे सोडले की 24 मीटर बरोबर जमतात. स्पर्धेआधी मात्र त्या वर्षीची नियमपुस्तिका बघून फेरतपासणी करा. आखायला फक्की (पांढरी भुकटी) वापरा. कळीचा चुना कधीच नको, डोळ्यात गेला तर इजा करतो.

रोज सकाळी मैदानावरून ओलं पोतं ओढून फिरवा. गोखरूचे काटे त्याला चिकटून निघतात, पोतं उलटं करून झटकलं की झालं. पावसानंतर टाच दाबली आणि खळगा राहिला, तर त्या दिवशी खेळ बंद. ओल्या मैदानावर एक डाव खेळला की महिनाभर खड्डे बुजवत बसावं लागतं.

नागपूरचं ऊन गमतीचं नाही, मे महिन्यात पारा 45 अंशांपुढे जातो. मार्चपासून सराव सकाळी आठच्या आत संपवा. उपाशी आलेल्या मुलाला आधी मूठभर फुटाणे-गूळ द्या, खिचडीनंतर तासभर खेळ नको. घाम फार गेला असेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ. विदर्भात सिकलसेलचं (रक्ताचा आनुवंशिक आजार) प्रमाण मोठं आहे. अशा मुलांची यादी गुरुजींकडे असावी. त्यांना खेळातून वगळू नका. दर दहा मिनिटांनी पाणी आणि सावलीत विश्रांती द्या. अंग किंवा सांधे दुखायला लागले की त्या क्षणी थांबवा आणि आरोग्य केंद्रात न्या.

पटावर 25 मुलं असतील तर बारा जणांचा संघ होत नाही, म्हणून शेजारच्या दोन शाळांनी एकत्र सराव करावा. लहान वर्गात पाच जण बसवा, एक पाठलागाला आणि दोनच धावणारे. वाट बघत बसायची वेळ कमी होते. मुली तिसरी-चौथीपासूनच उतरवा, सातवीत बोलावलं तर घरून नाही येतं. शालेय स्पर्धेसाठी (14, 17 आणि 19 वर्षांखालील गट) जन्मदाखला, बोनाफाइड आणि आधार जुलैतच जमा करा. तालुक्याला जाताना शिक्षिका किंवा एखाद्या मुलीची आई सोबत हवी. परतीची एसटी किती वाजता आहे, ते आदल्या दिवशी डेपोत विचारून पालकांना सांगून ठेवा.